‘नंबर झाला’ असं मी म्हणालो

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘मरीन वायरलेस : विक्री, बसवणी व परवाना’ असं छापलेलं होतं. विक्री आणि बसवणी कुणीही करत असे. परवाना हा शब्द वाचून लोक माझ्याकडे यायचे. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या वसईच्या किनाऱ्यावर दिल्लीच्या खात्याचा फॉर्म बिनचूक भरणारा माणूस म्हणजे बोळिंजचा साळवी, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मला आवडायची. किती आवडायची आणि त्यापायी काय झालं, ते लिहायला बसलो आहे.

मूळचा मी जहाजावरचा रेडिओ ऑफिसर. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर मोर्सचं कट्ट-कडकट्ट करत काढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उपग्रह आले, आपोआप चालणारे सेट आले आणि जगभरच्या जहाजांवरून आमची जमात उतरवण्यात आली. शेवटच्या जहाजाच्या कॅप्टनने हस्तांदोलन करून मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी घरी आलो आणि बोळिंजला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर गाळा घेतला. त्याच सुमाराला मच्छीमार बोटींवर वायरलेस सेट बसू लागले होते. मला पुन्हा माझं जग मिळालं, फक्त आकाराने लहान.

आता हा नंबर म्हणजे काय, ते सांगतो. नवीन प्रकारच्या वायरलेस सेटला एक लाल झाकण असतं. झाकण उचलायचं, खालचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. मग सेट आपण होऊन किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला एक नऊ आकडी नंबर पाठवतो. तोंडाने काही बोलावं लागत नाही. बोलणं खरखरीत विरून जातं, पण हा नंबर कमी ताकदीवरही पोचतो. पहिले तीन आकडे देशाचे, बाकीचे त्या एका बोटीचे. केंद्रातला माणूस नंबर यादीत शोधतो. तिथे बोटीचं नाव, बंदर, मालक, मालकाचा फोन असं सगळं लिहिलेलं असतं. केंद्रातून सेटला पोच जाते, की तुमची हाक पोचली. मग मालकाला फोन. बोट कुठे गेली आहे, किती माणसं आहेत, हे विचारून शोध सुरू होतो. सेटला जीपीएसची तार जोडलेली असेल तर बोट नेमकी कुठे आहे तेही कळतं. आमच्याकडच्या बोटींवर सेट एका कंपनीचा, जीपीएस दुसऱ्या कंपनीचा. तार जुळायची नाही. तेव्हा केंद्राच्या हातात जे काही असायचं ते नऊ आकडे. दुसरं काही नाही.

जुनी बोट विकत घेतली की भानगड सुरू होते. नवा मालक नाव बदलतो, रंग बदलतो. सेटच्या पोटातला नंबर मात्र जुन्याच मालकाचा राहतो. सेट हा नंबर एकदाच घेतो आणि कुलूप लावल्यासारखा बंद होतो. तो पुसायचा तर सेट उघडून, कंपनीची केबल लावून पुसावा लागतो. त्याआधी दिल्लीहून नवा नंबर यावा लागतो. त्यासाठी खरेदीखत, नवी नोंदणी, शिवाय आधीच्या मालकाचं पत्र, की हा नंबर मी सोडला. सगळे कागद जमवण्यात दोनतीन महिने सहज जातात.

गिऱ्हाइकांना हे समजावणं हाच माझा निम्मा धंदा होता. एका मालकाला नऊ आकड्यांची बेरीज नऊच हवी होती, मोटारसायकलच्या नंबरची आहे तशी. दिल्लीचे लोक बेरजा बघत नाहीत, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. दुसऱ्या एकाने तो नंबर चांदीपच्या आपल्या व्याह्यांना कागदावर लिहून दिला, बोटीवर असलो तर यावर फोन करा म्हणून. व्याही भातशेती करणारे साधे गृहस्थ. ते दोन दिवस पारोळच्या एसटीडी बूथवर जाऊन तो नंबर फिरवत होते आणि शेवटी बूथवाल्याशी भांडले. तिसऱ्याच्या तीन बोटी होत्या. तो म्हणाला, “तीन कशाला साहेब? एकच नंबर तिन्हीत घाला. घरातल्याच हायत.” त्याला मी चांगलाच झाडला होता. म्हणालो होतो, “उद्या एक बुडाली तर तिसरीला शोधत बसतील. हा खेळ आहे का?” दुकानात चारपाच माणसं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं होतं.

म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पाचूबंदरचा बस्त्याव माझ्याकडे आला तो दोन हजार सालानंतरच्या एका मे महिन्यात. पन्नाशीचा, काळा, ठेंगणा, हसताना डोळे पूर्ण मिटणारा. वडिलांची लाकडी होडी सोडून त्याने मोठी बोट घेतली होती. तिसऱ्या हाताला आलेली. सौराष्ट्रातल्या एका बंदरात ती बांधली गेली, तिथून दमणला एकाकडे गेली आणि दमणहून याच्याकडे आली. बोटीबरोबर वायरलेस सेटही आला होता, चांगल्या कंपनीचा. बस्त्याव म्हणाला, “साहेब, सेट चालू हाय. फक्त आपल्या नावावर करून टाका.”

मी बोटीवर गेलो तेव्हा त्याचा मेव्हणा जुजे केबिनमध्ये होता. जुजे म्हणजे बस्त्यावची धाकटी बहीण अग्नेस हिचा नवरा, बोट चालवणारा तांडेल. उंच, शांत. उजव्या हाताची दोन बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये गेलेली. सेटवर एक स्वच्छ फडकं घातलेलं होतं. ते मी उचललं, सेट सुरू केला, आतला नंबर काढला आणि दमणच्या मालकाच्या कागदांशी ताडून पाहिला. जुळेना. त्याने कधी बदललाच नव्हता. नंबर पहिल्या मालकाचा होता, सौराष्ट्रातल्या. त्याच्या काळात बोटीचं नाव ‘धनसागर’ होतं, हे बस्त्यावला माहीतसुद्धा नव्हतं.

“तर मग त्या पहिल्या मालकाचं पत्र लागेल,” मी म्हणालो.

“तुम्ही हाय ना,” बस्त्याव म्हणाला.

मी अर्ज केला. पहिल्या मालकाचा पत्ता मिळाला नव्हता, तरी पत्राशिवायच केला. वाटलं, माझ्या सहीवर निघेल. जुलैमध्ये दिल्लीहून पत्र आलं : पूर्वीच्या मालकाचं पत्र जोडा, तोवर अर्ज प्रलंबित. मी ते वाचलं आणि खणात ठेवलं. त्या दिवसांत मुंबईच्या एका क्लबातल्या शिडाच्या नौकांचं काम मला मिळालं होतं. तिथे पांढरे बूट घातलेले लोक मला ‘मिस्टर साळवी’ म्हणायचे आणि माझ्या जहाजावरच्या गोष्टी ऐकायचे. पत्र खणात राहिलं.

मोसम सुरू व्हायच्या आधी बोटीला आशीर्वाद द्यायचा दिवस ठरला. सगळं गाव किनाऱ्यावर. बोटीला पताका, नवा निळा रंग, पुढे ‘आवे स्टेला’ हे नवं नाव. फादरांनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं, केबिनमध्येही शिंपडलं. बस्त्यावने मला हाताला धरून पुढे आणलं आणि फादरांना सांगितलं, “हे साळवीसाहेब. जहाजावर मोठे ऑफिसर होते. आपल्या सेटचा सगळा यांनीच केला.” मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “साहेब, नंबर झाला नं?”

शंभरेक माणसं माझ्याकडे बघत होती. “कागद अडकलाय” असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. मोसम थांबला नसता. बोट तशीच गेली असती. फक्त मालकाने केंद्राला आपला फोन कळवून ठेवला असता आणि सगळ्यांना माहीत राहिलं असतं की हा नंबर आपला नाही.

मी म्हणालो, “झाला.”

एवढंच नाही. केबिनमध्ये सेटशेजारी तपासणीचं कार्ड लावायची माझी पद्धत होती. त्यावर मी ‘नंबर : अद्ययावत’ असं लिहून सही केली. पुढच्या महिन्यात करून टाकू, हे मनात होतं. मनात होतं, याला आता काही किंमत नाही.

मग मी जुजेला शिकवलं. हेही मी छान करायचो. झाकण उचल, दाब, पाच मोज, सोड. पडद्यावर पोच आली की समज, किनाऱ्याला कळलं. “आणि जुजे, पोच आली की बोट सोडायची नाही. हे पक्कं लक्षात ठेव. पाण्यात माणूस नारळाएवढा दिसतो, बोट दिसते. जोवर तरंगतेय तोवर जागेवर थांबायचं. ते येतातच.” त्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली. पाठ केल्यासारखं परत म्हणून दाखवलं. वीस वर्षांच्या नोकरीतून शिकलेलं ते होतं आणि शब्दन् शब्द खरं होतं. नंबर खरा असता तर.

ऑक्टोबरच्या शेवटी, एका गुरुवारी दुपारी बस्त्याव दुकानात आला. पायात चप्पल नव्हती. खुर्चीवर न बसता तो काउंटरला धरून उभा राहिला.

“बोट गेली,” तो म्हणाला. “सहा जन सापडले. जुजे नाय.”

मी काहीतरी बोललो असेन. तो पुढे म्हणाला, “साहेब, त्यानी बटन दाबला व्हता. पोच पन आली व्हती. सगळे सांगतात. मग मला फोन कसा नाय आला? मी दोन दिवस घरीच व्हतो. फोनच्या बाजूला.”

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या उजव्या हाताच्या खणात होतं. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे तो. मी म्हणालो, “बघतो. चौकशी करतो.”

काय घडलं ते नंतर सहा जणांकडून आणि केंद्राच्या कागदांतून मला तुकड्यातुकड्याने कळलं. सलग असं : मंगळवारी सकाळी बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याजवळून आत पाणी येऊ लागलं. मशीन बंद पडलं. दुपारी पाणी बॅटरीपर्यंत चढलं. जुजेने बटण दाबलं. काही मिनिटांत पडद्यावर पोच आली आणि खलाशांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. केंद्रात नंबर शोधला गेला : ‘धनसागर’, मालक कानजीभाई, सौराष्ट्र. तिथे फोन गेला. आता कानजीभाईंनी जुनी बोट विकल्यावर नवी बांधली होती आणि घरात लाभलेलं नाव म्हणून तिलाही ‘धनसागर’ हेच नाव ठेवलं होतं. ती दुरुस्तीला काठावर ओढलेली होती. ते फोनवर म्हणाले, “मेरी धनसागर तो मेरे सामने खडी है, साहब.” खोटं काहीच नव्हतं. केंद्रातल्या माणसाने तरी वायरलेसवर पुकारा केला : धनसागर, धनसागर, धनसागर. आवे स्टेलाच्या केबिनमध्ये तो पुकारा ऐकू आला. सातही जणांनी ऐकला. त्यांना वाटलं, दुसरी कुठली तरी बोट अडचणीत आहे. जुजेने माइक धरून आपल्या बोटीचं नाव सांगितलं, पुन्हापुन्हा सांगितलं, पण बॅटरी बसली होती. आवाज काही किनाऱ्यापर्यंत गेला नाही. केंद्राने नोंद केली : चुकून दाबलेलं बटण. अशी चुकून दाबलेली बटणं त्यांच्याकडे रोज यायची.

दुपार कलताना पश्चिमेला एक ट्रॉलर दिसला. जाळी टाकून हळूहळू चाललेला. यांनी बांबूला लुंगी बांधून हलवली, तिकडून कुणी पाहिलं नाही. खलाशी म्हणाले, पिंप बांधू, पाण्यात उतरू, तासाभरात त्याच्यापर्यंत जाऊ. जुजे म्हणाला, “नाय. साहेबांनी सांगितलाय, पोच आली की बोट सोडायची नाय. ते येतात.” त्याचा शब्द तांडेलाचा, कुणी मोडला नाही. ट्रॉलर दूर गेला. मावळतीला बोट एका बाजूला कलली तेव्हा सगळे पिंपं धरून पाण्यात उतरले. जुजे पुन्हा केबिनमध्ये गेला. अजून एकदा बटण दाबतो म्हणाला. बोट त्याच वेळी उलटली.

सहा जण बुधवारी दुपारी दुसऱ्या बंदराच्या एका बोटीला सापडले.

चौकशी पुढच्या महिन्यात झाली. एका सरकारी कचेरीत, पंख्याखाली. चौकशी अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मला चहा मागवला. मग विचारलं, “सेटमध्ये नवीन नंबर तुम्ही भरला होता का?”

तपासणीचं कार्ड बोटीबरोबर तळाशी गेलं होतं. दिल्लीच्या पत्राचं मी त्या गुरुवारीच काय केलं, ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो : बारीक तुकडे करून संडासात टाकले.

“भरला होता,” मी म्हणालो.

“मग जुना नंबर कसा आला?”

मी म्हणालो, “नवा नंबर मी दुकानातल्या दुसऱ्या सेटमध्ये भरून तो बसवला होता, जुना सेट काढून दिला होता, जादाचा म्हणून. तांडेलाने तोच परत लावला असेल. ही माणसं असं करतात.”

ही माणसं असं करतात. माझ्या तोंडून हे वाक्य किती सहज आलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मी खाली सही केली, तीच सही. घरी आल्यावर बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, “तू तर बदलला होतास ना रे तो नंबर?” मी म्हणालो, “हो. वाढ तू.”

माझ्या त्या एका वाक्याने पाचूबंदरला काय केलं, ते मला हळूहळू कळत गेलं. जुजेने सेटची खोडी केली, त्यानेच खलाशांना ट्रॉलरकडे जाऊ दिलं नाही, असं लोक बोलू लागले. बस्त्यावने बहिणीकडे जाणं बंद केलं. तिच्या नवऱ्यामुळे आपली बोट गेली, सहा घरं उजाड व्हायची वेळ आली, असं तो म्हणायचा. चाळीसाव्या दिवसाच्या मिस्साला, जुजेसाठीच्या प्रार्थनेला, तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि तिच्याशी न बोलता निघून गेला. हे मला एका गिऱ्हाइकाने बातमी म्हणून सांगितलं. मी सोल्डरिंग करत होतो, करत राहिलो.

जानेवारीत अग्नेस माझ्या दुकानात आली. सकाळी अकराची वेळ. पाचूबंदरहून दोन बस बदलून आली होती. काळे कपडे, हातात कापडी पिशवी. मी स्टूल दिलं.

“साहेब, एक इचारायचा व्हता,” ती म्हणाली. “तो सेट काढून दुसरा बसवायला किती वेळ लागतो?”

“का?”

“कोन शिकवला त्याला, तेवढाच समजून घ्यायचा हाय. त्याला बारीक स्क्रू धरता येत नव्हता. ही दोन बोटा नव्हती. घरात बल्ब पन मी लावायची.” तिने पिशवी मांडीवर ओढली. “आन् त्या सेटला तो भ्यायचा. पुसताना पन फडका लांबून फिरवायचा. मी हसायची त्याला. म्हनून इचारते. कोनी तरी लावून दिला असंल ना? कोन असंल?”

ती माझ्यावर संशय घ्यायला आली नव्हती, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. गावात कुणी ऐकत नाही म्हणून ती जाणकार माणसाकडे आली होती.

मी म्हणालो, “आता कसं सांगणार, अग्नेसबाई.”

“हां,” ती म्हणाली. पिशवीतून तिने केळीच्या पानात बांधलेले सुके बोंबील काढून काउंटरवर ठेवले. “तुमी त्याला चांगला शिकवला व्हता. घरी येऊन सगळा बोलून दाखवायचा.” आणि ती गेली.

त्यानंतर मी आठ दिवस काढले. ते आठ दिवस मला बोट बुडाल्याच्या दिवसापेक्षा जास्त आठवतात. बोट बुडाली ती माझ्या निष्काळजीपणाने; या आठ दिवसांत मी रोज सकाळी उठून, दाढी करून, विचारपूर्वक गप्प राहिलो. नवव्या दिवशी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ते बोंबील तू खाल्लेस?” मी म्हणालो, “नाही.” ती म्हणाली, “जा मग.”

अग्नेस अंगणात वलांडीवर बोंबील घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूवर टाकायचे, हात एकसारखा चाललेला. मी उभ्यानेच सांगितलं. पत्र, खण, आशीर्वादाचा दिवस, कार्ड, चौकशीतलं वाक्य. संडासात टाकलेले तुकडेसुद्धा. ती बांबूवर बोंबील टाकत राहिली. माझं बोलून संपलं तरी तिने टोपलीतले उरलेले सगळे घातले. मग हात धुतले आणि शेजारणीला हाक मारून म्हणाली, “बस्त्यावला सांग, बहिनीनं बोलावलाय. आत्ता.”

बस्त्याव आला, दारातच थांबला. अग्नेस मला म्हणाली, “आता मला जे बोल्ला ते याला बोला.”

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. बस्त्याव माझ्या अंगावर धावून येईल असं मला वाटत होतं, खरं सांगायचं तर यावं असंही वाटत होतं. तो खाली ओट्यावर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांतून त्याचा आवाज आला, “मी मिस्साला हिच्याशी बोललो पन नाय.” बहिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “मला सांगून झाला. त्या सहा जनांना कोन सांगनार? जुजे मुल्काचा हट्टी, असा बोलत फिरतात ते.”

तर बस्त्यावबरोबर मी त्या दुपारी सहा घरी गेलो. एकाने ऐकलं आणि दार लावून घेतलं. एकाने आईवरून शिवी दिली. ती मी घेतली. एकाने, सवयीने, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग मी काय म्हणतोय ते उमगल्यावर तो परत मागे घेतला. सर्वांत म्हातारा खलाशी बोटीवर जेवण करायचा. त्याला मी काय बोलतोय तेच कळेना. तो पुन्हापुन्हा विचारत होता, “पन नंबर म्हंजे काय? आमी तर नाव सांगत व्हतो.” मग मी त्याच्या ओट्यावर बसून पहिल्यापासून समजावलं, लाल झाकण, नऊ आकडे, केंद्रातली यादी, जसं मी दुकानात नव्या गिऱ्हाइकाला समजावायचो तसंच. सगळं समजल्यावर तो म्हणाला, “म्हंजे ते धनसागर, धनसागर बोलत व्हते, ते आपल्यालाच बोलत व्हते?”

“हो,” मी म्हणालो.

तो आत गेला आणि बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी जबानी दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. या वेळी चहा मागवला नाही. माझा विक्रेत्याचा परवाना गेला, कंपनीने एजन्सी काढून घेतली. खटला होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही, हाही भित्रेपणाच. अहवालातून जुजेवरचा ठपका निघाला. बस्त्यावने ती प्रत चर्चच्या फलकावर लावली, आठवडाभर. बहीणभाऊ बोलू लागले, असं ऐकलं. मला पाचूबंदरला पुन्हा कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

पुढची काही वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात, तुळिंजला, टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करत काढली. कधीतरी एखादा जुना ओळखीचा मालक बोट घेतल्यावर गुपचूप विचारायला यायचा. मी कागदांची यादी लिहून द्यायचो. शेवटी लिहायचो : नवा नंबर हातात येईपर्यंत केंद्राला मालकाचा फोन आजच कळवा. सही करायचो नाही.

एक गोष्ट राहिली. माझी जबानी झाल्यावर अधिकारी सहज बोलले होते, की सौराष्ट्रातल्या मालकालाही त्यांनी फैलावर घेतलं होतं : बोट विकली तेव्हा नंबर सोडल्याचं का कळवलं नाही म्हणून. म्हातारा कचेरीतच रडला होता. त्याच्याशी बोलण्याचा माझा काही अधिकार नव्हता, पण गप्प राहण्याचाही आता उरला नव्हता. मी त्यांच्याकडून कानजीभाईंचा फोन नंबर घेतला आणि भर दुपारी, बोळिंजचं दुकान रिकामं करायला घेतलं होतं तेव्हा, जमिनीवर बसून लावला.

सुनेने उचलला असावा. मग काठीचा आवाज आला आणि मागोमाग म्हातारा, धापा टाकत. मी हिंदीत सांगितलं की मी वसईहून बोलतोय, त्या बोटीच्या रेडिओचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही फोनवर जे सांगितलंत ते खरंच होतं. तुमच्याकडे पत्र मागायला मी यायला हवं होतं, आलो नाही. मग मी खोटं लिहिलं आणि नंतर खोटं बोललो. तुमचा दोष नाही.

काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, “मैंने देखा नहीं कि कौन पुकार रहा है। मैं बोला, मेरी तो सामने खडी है। और मैं खाना खाने बैठ गया।” मग विचारलं, “जो गया, उसका नाम क्या था? मुझे किसीने बताया नहीं। सबने सिर्फ बोट का बताया।”

“जुजे,” मी म्हणालो.

ते नाव त्यांच्या ओळखीचं नव्हतं. “फिर से बोलो, भाई। धीरे।”

मी हळू म्हटलं. त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं. कागदाचा आवाज आला. सुनेला सांगून ते लिहून घेत असावेत. तिने बहुधा चुकीचं लिहिलं, कारण त्यांनी मला एकेक अक्षर विचारलं आणि मी एकेक अक्षर सांगितलं.

“और बीवी?”

“अग्नेस.”

तेही लिहून झालं. मग त्यांनी विचारलं, “और तुम्हारा?”

वसईहून बोलतोय, एवढंच मी सांगितलं होतं. ते थांबून राहिले. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, घाई नव्हती. मग मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि त्यांनी विचारलं तसं, पहिल्या अक्षरापासून, हळू.